पडद्याबाहेरचा डॉक्टर

फेलेटी ऑकलंडला तान्ह्या बाळांची डॉक्टरकी शिकत होता तेव्हाचा एक किस्सा आधी सांगायला हवा, म्हणजे पुढचं सगळं नीट उलगडेल. वर्गात प्राध्यापक पडद्यावर बाळंतपणाची चित्रं दाखवत होते आणि फेलेटी पुढच्या बाकावर वही उघडून बसला होता. तेवढ्यात मागचं दार उघडून एक मुलगी आत आली आणि शेवटच्या रांगेत टेकली. मुलगी टोंगाचीच, फेलेटीच्या आईच्या मावसबहिणीची लेक. म्हणजे बहीणच. फेलेटीनं मागं वळून पाहिलं, तिनं याला पाहिलं, आणि दोघंही एकदमच उठले. तो पुढच्या दारानं बाहेर, ती मागच्या दारानं. प्राध्यापकांना वाटलं खाणावळीतले मासे बाधले. त्यांनी दोघांनाही पोटाच्या गोळ्या पाठवल्या. फेलेटीनं त्या मुकाट्यानं गिळल्या, कारण खरं सांगायचं तर ‘बहीण’ आणि ‘बाळंतपण’ हे दोन शब्द एका वाक्यात आणावे लागले असते.

टोंगातला भाऊ वाढतोच असा. फेलेटीची धाकटी बहीण मेलेनाइते वयात आली त्याच आठवड्यात त्याची चटई मागच्या झोपडीत गेली. त्यानंतर ती ज्या खोलीत असेल तिथं तो कधी लोळला नाही, मोठ्यानं हसला नाही. रेडिओवर जरा चावट गाणं लागलं की दोघांपैकी जो दाराजवळ असेल तो पाणी आणायला उठायचा. त्यांची आई फुसी कौतुकानं म्हणायची, "माझ्या घरचं पिंप कधी रिकामं नसतं." मेलेनाइते वयानं धाकटी, पण तो तिला ताईच म्हणायचा, अहोजाहो करायचा, आणि तिनं सांगितलेलं काम आधी, मग जेवण.

असा हा मुलगा सरकारी शिष्यवृत्तीवर फिजीत, सुवाला जाऊन डॉक्टर झाला, ऑकलंडला नवजात बाळांचं शास्त्र शिकला, आणि तिथली माणसं ‘राहा राहा’ म्हणत असताना टोंगाच्या राजधानीत, नुकुआलोफाला परत आला. आल्या आल्या त्यानं बुडबुड्यांचं यंत्र जुळवलं. नळीचं एक टोक बाळाच्या नाकाशी, दुसरं बाटलीतल्या पाण्यात. बाळ श्वास टाकी तसं पाणी खदखदे आणि त्याची इवलीशी फुप्फुसं मिटायची थांबत. बाया तासन्‌तास त्या बाटलीकडे बघत बसायच्या. एक म्हातारी आजी तर म्हणाली, "डॉक्टर, उतरवा आता. रताळी शिजली असतील."

पण त्याचं खरं काम म्हणजे जन्मल्यावर न रडणारी बाळं. अशा बाळाला पुसायचं, चोळायचं, आणि तरी श्वास घेतला नाही तर तोंडावर मास्क बसवून पिशवीनं हवा द्यायची. सगळा खेळ पहिल्या मिनिटाचा. हे शिकवायला तो रबराची बाहुली घेऊन बेटोबेटी फिरला. बोटीचा कप्तान रोज विचारायचा, "पाहुणीला मळमळत तर नाही ना?" बाहुलीवर सगळ्या नर्सा पास झाल्या. तरी दूरच्या बेटांवर ते मिनिट वायाच जात होतं. का जातं, हे शोधण्यात फेलेटीनं काही वर्षं घातली. प्रत्येक बाळंतपणाची चौकशी केली, प्रत्येक सुईणीशी बोलला, आणि शेवटी त्याला जे सापडलं ते त्यानं एका वाक्यात मांडलं. हात शिकलेले आहेत, पाय अडतात. कुणी सरदाराच्या नातवाच्या डोक्याला हात लावायला बिचकायचं, कुणी बहिणीच्या बाळंतपणाच्या खोलीत पाऊल टाकायला. आणि लहान बेटावर निम्मं गाव निम्म्या गावाचं भाऊ-बहीण लागतं.

या शोधानं फेलेटीचं नाव झालं. परदेशातल्या सभांना बोलावणी यायला लागली. आणि सभेत बोलायचं म्हणजे उदाहरण हवं. ते उदाहरण होतं पेनिसिमानी.

पेनिसिमानी एका दूरच्या बेटावर आरोग्यसेवक होता. एके दिवशी त्याच्या चुलतबहिणीला कळा आल्या. आत तिची म्हातारी मावशी तेवढी होती. बाळ आलं आणि रडेना. पेनिसिमानी आत गेला नाही. बाहेरून, चटईच्या भिंतीला तोंड लावून तो मावशीला सांगत राहिला, मास्क असा धर, पिशवी अशी दाब. मावशीनं ती पिशवी जन्मात पाहिली नव्हती. पोरगी जगली, पण चालायला उशिरा लागली आणि उजवा पाय ओढत राहिली.

ब्रिस्बेनच्या सभेत फेलेटीनं हे नाव न घेता सांगितलं, दोन्ही हातांचा कर्णा करून भिंतीशी बोलणाऱ्या माणसाची नक्कलही केली. लोक हसले. ते हसू त्याला गोड लागलं. मग नुकुआलोफाला नर्सांच्या वार्षिक मेळाव्यात, भरल्या सभागृहात, त्यानं पेनिसिमानीला उभंच केलं.

"हे पेनिसिमानी. यांनी भिंतीतून डॉक्टरकी केली. मी तुम्हाला सांगतो, त्या मिनिटात कुणी कुणाचा भाऊ नसतो आणि कुणी कुणाची बहीण नसते."

सभागृह हसलं. सगळे हसतात तेव्हा उभं केलेल्या माणसालाही हसावं लागतं, तसा पेनिसिमानीही हसला. गावी गेल्यावर त्यानं दवाखान्याची किल्ली दिली आणि माल-माणसं वाहणारी बोट चालवायला लागला. फेलेटीला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं. पाय अडणारा माणूस तिथं नकोच होता."

मे महिन्यातला पहिला रविवार हा मुलांचा. पोरं पांढरे कपडे घालून देवळात एकेक करून बायबलातली वचनं म्हणतात, आणि जिचं पोर त्या दिवशी अडखळेल ती आई वर्षभर मान खाली घालते. त्यामुळे त्या सकाळी अख्खं गाव देवळात. फेलेटीही आईला भेटायला वावाऊ बेटावर, आपल्या हालातुई गावी आला होता. तिथल्या रीतीप्रमाणे कंबरेला चांगली चटई गुंडाळून तो पहिल्या रांगेत बसला होता. मेलेनाइते पोटुशी, दिवस भरायला अजून अवकाश होता, म्हणून ती घरी पडून होती.

तिसऱ्या की चौथ्या पोराचं वचन चालू असताना एक शेजारीण वाकत वाकत आली आणि फुसीच्या कानाला लागली. मेलेनाइतेच्या अंगावरून पाणी गेलं होतं, तिला दवाखान्यात नेलंय. फुसी उठली. फेलेटीही उठला आणि आईच्या पुढं धावत निघाला. गुडघ्याचं दुखणं असलेली फुसी मागं राहिली.

गावचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि मध्ये फुलाफुलांचा पडदा. आत सुईण कालोलाइने एकटी होती. दुसरी नर्स देवळात, तिच्या मुलाची पाळी यायची होती. फेलेटी पडद्यापर्यंत आला तेव्हाच कालोलाइनेचा आवाज आला, "आलं. मुलगा आहे." आणि मग काहीच आवाज आला नाही. बाळाचा तर नाहीच.

फेलेटीला त्या शांततेचा अर्थ टोंगात कुणाहीपेक्षा जास्त कळत होता. त्यानं पडद्याची कड मुठीत धरली. पडदा बाजूला सारला असता तर समोर बहीण दिसली असती, जशी भावानं कधी बघायची नसते तशी. त्यानं पडदा धरून ठेवला. ओढला नाही.

"चोळलंस?" त्यानं विचारलं.

"चोळलं. श्वास नाही. डॉक्टर, इकडे रक्त जातंय हिचं."

"मास्क घे. मान सरळ, फार मागं नको. हनुवटी उचल. मास्क घट्ट बसव."

"हात दोनच आहेत माझे," कालोलाइने म्हणाली. "एक आईच्या पोटावर आहे."

देवळातून पोरांचं गाणं ऐकू येत होतं. फेलेटी बोलत राहिला. आवाज शांत, शब्द अचूक, अगदी बाहुलीवर शिकवताना असायचा तसा. पोट आवळून धर, रक्त थांबेल. आता पिशवी. छाती वर येते का बघ. नाही येत तर मास्क पुन्हा बसव. कालोलाइनेनं आधी आईचं रक्त आटोक्यात आणलं, मग बाळाकडे वळली. मधला वेळ गेला तो गेला. शेवटी पडद्याआड एक म्याँवसारखा आवाज झाला, मग दुसरा, आणि फेलेटीच्या लक्षात आलं की आपली मूठ पडद्यावर इतकी घट्ट आहे की वरच्या दोन कड्या निसटल्यात.

कालोलाइनेनं बाळ गुंडाळून पडद्याबाहेर त्याच्या हातात दिलं. तिथून पुढं मात्र त्याचं काही चुकलं नाही. कपाटातलं बुडबुड्यांचं यंत्र त्यानं स्वतःच मागच्या वर्षी या दवाखान्याला दिलेलं होतं. ते लावलं, भाच्याला छातीशी धरून ऊब दिली, रात्रंदिवस जागला. दुसऱ्या दिवशी बाळाला एक झटका आला, तोही त्यानं औषधानं शमवला. आठवड्यानं बाळ आईच्या अंगावर प्यायला लागलं. पुढं काय, ते पोर चालायला-बोलायला लागेल तेव्हा कळणार.

आता गंमत बघा. यानंतर गावानं त्याचं जे कौतुक मांडलं, ते एखाद्या वैऱ्यावरही येऊ नये.

"मामानं जीव वाचवला," फेलेटीच्या आत्याबाई सांगत सुटल्या, "आणि पडदा ओलांडला नाही. केवढा डॉक्टर, पण पडदा ओलांडला नाही."

पुढच्या रविवारी धर्मगुरूंनी वेदीवरून सांगितलं, की शिकलेली मुलं परदेशी जाऊन लाज सोडून येतात, पण हालातुईच्या मुलानं शास्त्रही सांभाळलं आणि बहिणीचा आबही. लोकांनी वळून वळून बघितलं. फेलेटीनं मान खाली घातली, ती त्यांना विनयाची वाटली. कौतुक वाढलं. दुपारी भट्टीतून काढलेलं अख्खं डुक्कर कुणीतरी त्याच्या नावानं पाठवलं. फुसीनं त्याच्या पानात सगळ्यात चांगला तुकडा वाढला.

"खा, लेका. ऑकलंड पचवलंस, तरी आईचं दूध विसरला नाहीस."

त्यानं तो तुकडा पानाच्या कडेला सारला.

"का रे, खारट आहे का?"

"नाही गं. पोट भरलंय."

"कौतुकानं कधी पोट भरतं का? खा."

नुकुआलोफाला परतण्याआधी तो कालोलाइनेला भेटला. ती दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"तू कुणाला काही बोलली नाहीस," तो म्हणाला.

"काय बोलायचं? बोलायचं ते तुम्ही बोललात की, पडद्याबाहेरून. सगळं बरोबर होतं, डॉक्टर. एक शब्द चुकला नाही." तिनं चिमटा लावला आणि पुढची चादर झटकली. त्यापेक्षा तिनं ती चादर त्याच्या तोंडावर मारली असती तर बरं वाटलं असतं.

मग निघायच्या आदल्या संध्याकाळी तो मेलेनाइतेच्या घराच्या ओट्यावर, दाराकडे पाठ करून बसला. ती आत बाळाला घेऊन बसलेली. फुसीनं दोघांच्या मध्ये बसून रताळी सोलायला घेतली आणि बहिरी असल्यासारखं तोंड केलं.

"ताई," तो म्हणाला, "त्या दिवशी मी आत यायला हवं होतं. आलो असतो तर बाळ एवढा वेळ श्वासाविना राहिलं नसतं. पुढं त्याला काही कमी पडलं तर ते माझ्यामुळं."

आत मेलेनाइतेनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"मला तुझा आवाज येत होता," मेलेनाइते म्हणाली. "मी हाक मारणार होते. तोंड उघडलं आणि लाज वाटली. भावाला अशा वेळी काय म्हणून बोलवायचं. मी बोलावलं असतं तर तुला यावंच लागलं असतं ना?"

"यावंच लागलं असतं."

"मग माझंही चुकलं."

"नाही, ताई. तुमचं नाही. मी हाकेची वाट बघत नव्हतो. हाक येऊ नये, असं वाटत होतं मला."

फुसीच्या हातातली सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"तो बोटवाला," मेलेनाइते आतून म्हणाली, "ज्याला तू सगळ्यांसमोर उभं केलं होतंस. त्याचं काय?"

"त्याचं काय म्हणजे?"

"ते मी सांगायचं?"

बहिणीनं एवढं म्हटलं म्हणजे हुकूमच झाला. तसंही पेनिसिमानीचं नाव त्या पडद्याशी उभं असल्यापासून फेलेटीच्या डोक्यातून गेलं नव्हतं. फक्त कुणीतरी ते मोठ्यानं म्हणेपर्यंत तो टाळत होता.

गळ्यात इफीच्या झाडाच्या पानांची माळ आणि कंबरेला फाटकी चटई, असा माणूस दारात येऊन बसला की तो काय मागायला आलाय हे विचारावं लागत नाही. धाकल्यानं माफीसाठी थोरल्याच्या दारी असं बसायचं, ही रीत. आरोग्यसेवकाच्या दारी डॉक्टर बसलेला त्या बेटावर कुणी पाहिला नव्हता. फेलेटी पेनिसिमानीच्या अंगणात जमिनीवर बसला, समोर मानाच्या पेयाची, कावाची मोठी मुळी ठेवली आणि मान खाली घातली. पेनिसिमानीची बायको दारात आली, बघितलं आणि आत पळाली. नवरा किनाऱ्यावर इंजिन उघडून बसला होता. त्याला यायला वेळ लागला. तेवढ्यात एक डुक्कर आलं आणि मागून माळेची पानं खायला लागलं. अशा वेळी डुकराला हाकलायचं की नाही, याबद्दल रीत काही सांगत नाही. फेलेटी हलला नाही.

पेनिसिमानी ग्रीसचे हात पुसत आला आणि डुकराला लाथ घालून समोर बसला.

"कशापायी हे, डॉक्टर?"

फेलेटीनं सगळं सांगितलं. पडदा, कालोलाइने, दोन हात, रक्त, आपला शांत आवाज. पेनिसिमानी ऐकत राहिला.

"म्हणजे तुम्हीही भिंतीतून," तो म्हणाला.

"मीही."

"माझी चटईची भिंत होती. तुमचा कापडाचा पडदा. कापडातून जरा बरं ऐकू जात असेल." तो हसला नाही. "एक सांगू का? ती माझी भाची, पाय ओढते ना, तिला दर सोमवारी व्यायामाला मीच बोटीनं नेतो. बोटीत चढताना तिचा पाय मी उचलून ठेवतो. त्या दिवशी आत गेलो असतो तर काय झालं असतं, हे मला तुमच्या आधीपासून माहीत होतं. तुम्ही सभेत सांगायची गरज नव्हती."

"माफ करा."

"माळ मी काढतो. रीत आहे, काढायलाच हवी. पण इथं बघतंय कोण? मी, बायको आणि ते डुक्कर. मला उभं केलंत तेव्हा सभागृह भरलं होतं."

"तिथं सांगीन."

"परदेशातल्या सभेतही माझं सांगितलंत म्हणे. तिथं नाव घेतलं होतं?"

"नाही. नक्कल केली होती."

"मग तिथं तुमचं नाव घ्या. नक्कल नको." त्यानं वाकून माळ काढली. अर्धी माळ नव्हतीच.

"नोकरीवर परत या," फेलेटी म्हणाला. "मी बोलतो."

"नको. बोटीला माझी सवय झालीय."

नर्सांचा वार्षिक मेळावा आला. तेच सभागृह, पहिल्या रांगेत त्याच थोरल्या नर्सा, हातात पंखे. फेलेटी उभा राहिला. त्यानं आधी कामाचं सांगितलं. यापुढं प्रत्येक पोटुशीला तिच्या आत्यानं किंवा आईनं वेळेआधीच विचारायचं, की वेळ पडली तर कुणाला आत यायची तुझी परवानगी आहे. बहिणीनं आधीच ये म्हटलं असेल तर भावाला नाही म्हणता येत नाही. नर्सांनी माना डोलावल्या. हे बोलणं सोपं गेलं. मग त्यानं घसा खाकरला.

"एक डॉक्टर होता," तो म्हणाला. "त्याच्या बहिणीला कळा आल्या आणि..."

"मागं ऐकू येत नाही," शेवटच्या रांगेतून आवाज आला. पेनिसिमानी होता. बोटीचे कपडे बदलून, चटई गुंडाळून, आमंत्रण नसताना आला होता.

फेलेटीनं आवाज चढवला. "डॉक्टर मी. बहीण माझी. गाव हालातुई. बाळ रडलं नाही आणि मी पडद्याबाहेर उभा राहिलो." त्यानं सगळं सांगितलं. याच जागी उभं राहून एका माणसावर आपण सगळ्यांना हसवलं होतं, तेही सांगितलं. सभागृह हसेल अशी त्यानं तयारी ठेवली होती. हसले असते तर बरं झालं असतं, फिटल्यासारखं वाटलं असतं. कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेत एकीनं डोळे पुसले. दुसरी पंखा मांडीवर ठेवून म्हणाली, "केवढं मोठं मन." आणि तिनं टाळी वाजवली. मग शेजारणीनं. टाळ्या मागं मागं पसरत गेल्या आणि फेलेटीला कानांच्या पाळ्यांपर्यंत आग झाली. गावानं त्याच्या न जाण्याचं कौतुक केलं होतं. आता इथं त्याच्या सांगण्याचं चाललं होतं.

"टाळ्या थांबवा जरा," पेनिसिमानी मागून म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. "त्यांचं सांगून झालेलं नाही. बाळ किती वेळ तसंच पडून होतं, ते राहिलं."

टाळ्या विरल्या. सगळ्या माना मागं वळल्या आणि मग पुढं. फेलेटीनं टेबलाची कड धरली. त्या वेळेचा हिशेब त्याच्याइतका या सभागृहात कुणाला करता येत नव्हता, आणि तो हिशेब त्यानं आजवर स्वतःशीही मोठ्यानं केला नव्हता. पाच मिनिटं, त्यानं सांगितलं. समोर बसलेली प्रत्येक बाई तो आकडा पहिल्या मिनिटाशी ताडून मनाशी काय म्हणत असेल, हे त्याला माहीत होतं, कारण त्यांना ते त्यानंच शिकवलं होतं. पंखे थांबले. पेनिसिमानी खाली बसला.